मदत हवी आहे: एचआयव्ही मॉडेलमध्ये सीडी८ पेशी कशा बसवायच्या?

नमस्कार मंडळी, मी सांगलीत एमएस्सी मॅथ्स करतोय, प्रोजेक्टला एचआयव्हीचं मॉडेल घेतलंय आणि आता पुरता अडकलोय. साधं मॉडेल पायथनमध्ये नीट चाललं, म्हणजे निरोगी सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना लागण करतो त्या पांढऱ्या पेशी), लागण झालेल्या पेशी आणि व्हायरस अशी तीन समीकरणं. १९९६ च्या पेरेल्सन वगैरेंच्या पेपरमधला लागण झालेल्या पेशीचा मृत्युदर घेतला, त्यात तिचं सरासरी आयुष्य साधारण २.२ दिवस धरलंय.

घोळ पुढे झाला. लस घेतलेल्या माणसासाठी चौथं समीकरण टाकलं, सीडी८ मारेकरी पेशींचं (लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या), आणि लसीमुळे व्हायरस ओळखणाऱ्या मेमरी पेशी आधीच आहेत म्हणून सुरुवातीची संख्या शून्याऐवजी मोठी धरली. तर व्हायरस इतका खाली जातो की एक मिलीलिटर रक्तात एका कणाच्या अब्जांश भागाएवढा उरतो (असा कण असतो का हो!) आणि काही महिन्यांनी आयर्विन पुलाखालचं पाणी चढावं तसा परत वर येतो.

मग एका कणाखाली गेला की सरळ शून्य करायचं का गिलेस्पी पद्धतीने (एकेक घटना चान्सवर घडवत) रँडम सिम्युलेशन करायचं? आणि सीडी८ ची वाढ व्हायरसच्या प्रमाणात सरळ धरू का सॅच्युरेशन (म्हणजे वाढीच्या वेगाला वरची मर्यादा) लावू? सरळ धरली की त्या पेशी भरमसाट वाढतात, सॅच्युरेशन लावलं की एक पॅरामीटर वाढतो आणि तो डेटावरून काढायचा कसा, कारण माझ्याकडे फक्त व्हायरल लोडचे (रक्तातल्या व्हायरसच्या प्रमाणाचे) आकडे आहेत, सीडी८ चे नाहीतच. गाईड सर म्हणतात तूच बघ. कुणी इम्युनॉलॉजीवालं असेल तर प्लीज सांगा, सोमवारी प्रेझेंटेशन आहे.