जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

'विंडोज ११ चालत नसेल तर नवीन मशीन घ्या' असा सल्ला जुना लॅपटॉप असलेल्यांना दिला जातो, तो मला अजिबात पटत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, हे खरं. पण तेवढ्यानं चांगलं मशीन निकामी होत नाही. इतवारीतल्या आमच्या दुकानात अशाच जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय. पेन ड्राइव्हवरून ती आधी नुसती चालवून बघता येते, हार्ड डिस्कला हात न लावता. वायफाय, प्रिंटर, आवाज सगळं तपासा, मगच बसवा. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणीही त्यात मिळते. अडचण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, ते विंडोजसाठीच बनतं, म्हणून हिशेबाचा कॉम्प्युटर तसाच ठेवलाय. रॅम चारच जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.