अंगठा उठेना, तरी पोलंड गाठलं: बी विंगच्या पोरानं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलेलं

सचिव ए-101: सर्वांना नमस्कार. आपल्या बी-303 चा पैलवान पोलंडची हाताच्या पकडीची स्पर्धा करून आज सकाळी मुंबईच्या गाडीनं लातूरला उतरला. तेव्हापासून जो तो मला जिन्यात गाठून विचारायलाय, कितवा आला, काय उचललं, तिकडं खायला काय भेटलं. त्यापेक्षा त्यानंच एकदा इथं लिहावं. गुड मॉर्निंगचे फोटो आज कोणी टाकू नका, मेसेज वर निघून जातात.

बी-303: नमस्कार सगळ्यांना. आधी निकाल सांगतो. आमच्या वजनगटात 11 जण होते, मी सातवा आलो. पाचवा यायला पाहिजे होतो, ते हातातून गेलं आणि का गेलं तेच नीट सांगायचंय, कारण तुम्ही सगळ्यांनी मिळून 21,500 रुपये दिल्ते, हिशोब सचिव काकांकडं दिलाय, पण पैशाचा हिशोब वेगळा आणि हा वेगळा.

सी-104 काकू: अरे सातवा काय कमी आहे का, परदेशात जाऊन. आधी जेवलास का?

बी-303: जेवलो काकू. तुमचे धपाटे चौथ्या दिवसापर्यंत पुरले, शेंगाची चटणी तर एका पोलिश पोराला इतकी आवडली की डबी त्यालाच देऊन आलो.

ए-304 वकील साहेब: मला अजून नीट समजलेलं नाही, हे पंजा लढवणं आहे का?

बी-303: नाही साहेब. पंजा लढवताना समोर माणूस असतो, इथं समोर लोखंड असतं. फक्त पकड मोजतात. आमच्या स्पर्धेत चार प्रकार होते. पहिला ग्रिपर, तो स्प्रिंगचा चिमटा, दुकानात प्लॅस्टिकचा भेटतो तसाच दिसतो पण स्टीलचा. कॅप्टन्स ऑफ क्रश म्हणून येतात त्यांना नंबर असतात, 1 नंबर 140 पौंडाचा, 2 नंबर 195, 3 नंबर 280 आणि 4 नंबर 365 पौंडाचा. 3 नंबर दाबणारे जगातसुद्धा मोजके, 4 नंबर तर अगदी बोटावर मोजण्याइतके. आणि एकाच नंबरचे दोन चिमटे सारखे नसतात, म्हणून ही मंडळी दांडीला वजन टांगून प्रत्येक चिमट्याचा खरा आकडा काढून ठेवतात. दाबायच्या आधी दोन दांड्यांमधी 20 मिलीमीटरचा ठोकळा बसतो का बघतात, त्यापेक्षा जास्त आधीच दाबून घ्यायचं नाही. दुसरा रोलिंग थंडर, म्हणजे 60 मिलीमीटर जाडीची मूठ, ती दांडीवर गरागरा फिरती, खाली वजन टांगलेलं, एका हातानं उचलायचं. मूठ फिरती म्हणून अंगठा अडकवून चालत नाही, सगळा भार बोटांवर आणि कातडीवर. तिसरा पिंच, जाड लोखंडी ताट दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचं. चौथा अ‍ॅक्सल, 50 मिलीमीटरच्या आसपास जाडीचा बार, दोन्ही तळवे आपल्याकडंच ठेवून उचलायचा, एक हात उलटा करायचा नाही.

बी-001 गुरुजी: पिंच म्हणजे पोत्याचे कान धरणे. तुझ्या वडिलांनी मार्केट यार्डात आयुष्यभर तेच केलं.

बी-303: हो गुरुजी, एकदम तेच. मी आडतीवर काट्याला बसतो तरी लहानपणी सुट्टीत बाबांबरोबर पोती धरू लागायचो. पण मला स्वतःला कळलं ते 2016 ला, मिरजेहून रेल्वेनं पाणी आल्तं त्या उन्हाळ्यात. टँकरपासून 20 लिटरचे दोन कॅन घेऊन तीन मजले चढायचो आणि मधी खाली ठेवावं लागायचं नाही. बाकीची पोरं दर मजल्यावर हात बदलायची, कॅनची ती बारकी मूठ बोटं कापायची. मला वाटायचं सगळ्यांना जमत असेल.

ए-202 डॉक्टर ताई: बोटांमध्ये स्वतःचे स्नायू नसतात, बोटं मिटवणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली असतात आणि तिथून दोऱ्या बोटांपर्यंत जातात. त्यामुळं हात बारीक दिसला तरी पकड जबर असू शकते. आणि हा नुसता खेळ नाही. 2015 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांचा अभ्यास आला होता, त्यात भारतही होता. पकड जितकी कमी तितका मृत्यूचा धोका जास्त असं त्यात दिसलं. ग्रुपवरच्या ज्येष्ठांनी भाजीची पिशवी हातानं आणावी, सगळंच वॉचमनला सांगू नये.

बी-001 गुरुजी: आणतो डॉक्टर. अंगठ्याचं काय झालं ते सांग बाळ, सचिव म्हणत होते व्हिसाला अडचण आली.

बी-303: हां, ते मुंबईत. व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे देतात. फाइल सगळी नीट होती, तीन वर्षांचे रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, आयोजकांचं निमंत्रण पत्र, 30 हजार युरोचं कव्हर असलेला विमा, फी 90 युरो, पासपोर्ट परत यायच्या तारखेच्या पुढं तीन महिने तरी चालणारा. आणि ठसेच उठेनात. बोटांच्या टोकांवरच्या रेषा पिंच मारून मारून घासून गेल्त्या आणि वरून पकड सुटू नये म्हणून खडूची पावडर वर्षभर लावून कातडी कागदासारखी झाल्ती. मशीनवर ठेवलं की लाल. मॅडमनी ओल्या टिश्यूनं पुसायला लावलं, परत लाल. माझ्यामागं रांग, मला घाम फुटला, आणि घामानंच काम झालं, बोटं ओली झाली तेव्हा चौथ्या वेळी हिरवं लागलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला बाबा आठवले. रेशन दुकानात त्यांचा अंगठा कधी उठत नाही, दर महिन्याला तीन तीन वेळा घासतात, मग मोबाइलवर ओटीपी. मी कितीदा चिडलोय त्यांच्यावर, नीट ठेवा ना म्हणून.

सी-104 काकू: माझ्या आईचापण उठायचा नाही रे, खुरपणीचे हात.

ए-304 वकील साहेब: पुढच्या वेळी परत द्यावे लागतील का ठसे?

बी-303: नाही, एकदा दिले की 59 महिने चालतात. आणि ज्यांना कोणाला तिकडं जायचंय त्यांनी ऐका, अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून देता येतो आणि किमान 15 दिवस आधी द्यावाच लागतो, मी दीड महिना आधी दिला तरी जीव टांगणीला होता. ग्रिपर आणि खडू हातातल्या बॅगेत ठेवू नका, पांढरी पावडर आणि स्टीलची स्प्रिंग बघून कोणीही थांबवणार, दोन्ही मोठ्या बॅगेत. पॉवर बँक मात्र उलटं, ती हातातच ठेवायची. आणि पोलंडमधी युरो चालत नाहीत, त्यांचं चलन वेगळं, झ्वॉटी. मी युरोच घेऊन गेल्तो, स्टेशनवर पाण्याची बाटली घ्यायला कार्ड चाललं म्हणून बरं.

बी-001 गुरुजी: पोलंडचं आणि आपलं नातं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश बायका-मुलांना कोल्हापूरजवळ वळिवड्याला आसरा दिला होता. वॉर्सात त्याचं स्मारक आहे, 2024 ला पंतप्रधान तिथं गेले होते.

बी-303: गुरुजी मी गेल्तो तिथं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस मोकळा होता. दगडावर कोल्हापूर वाचलं आणि लई बरं वाटलं, एकटं वाटायचं बंद झालं.

सचिव ए-101: आता स्पर्धेचं सांग.

बी-303: एक मोठी जिम, भिंतीला लोखंड, मधी रबराची फरशी, बाहेर थंडी. ग्रिपर पहिला होता, तो चांगला गेला, अडीच नंबर दाबला, हा 237 पौंडांच्या वर असतो, चौथ्या जागेवर होतो. मग रोलिंग थंडर. 70 किलो गेलं, 75 गेलं. 77.5 ला पकड बसली, वजन जमिनीवरून सुटलं, गुडघ्याच्या खाली आलं आणि एकदम हात गरम झाला. वजन खाली पडलं, मी तळवा बघितला तर मधल्या बोटाच्या बुडाचा घट्टा उपटून आल्ता, नाण्याएवढा, एका बाजूनं कातडी चिकटलेली आणि खाली गुलाबी मांस. त्यात खडू भरलेला. दुखलं नंतर, आधी नुसता लाल ठिपका मुठीवर दिसला.

ए-202 डॉक्टर ताई: बापरे. टिटॅनसचं इंजेक्शन झालंय ना?

बी-303: झालंय ताई, जायच्या आधीच घेतल्तं. पट्टी लावून उचलायला परवानगी नव्हती. पिंच निघून गेलं कारण त्यात काम बोटांच्या टोकांचं आणि अंगठ्याचं, 85 किलो केलं. पण अ‍ॅक्सलला बार बरोबर त्या जखमेवर बसतो. घरी मी 140 उचललेलं आहे, तुम्ही गच्चीत बघितलंय. तिथं 120 वर थांबलो. प्रत्येक प्रकारात पहिल्याला 100 गुण आणि बाकीच्यांना त्याच्या टक्क्यात, म्हणजे एका प्रकारात घसरलं की सगळीकडून खाली येतो. सातवा.

सी-201: दादा पण घट्टे जाड असले की चांगलं ना? तूच म्हणायचास, हात दगड पाहिजे.

बी-303: चुकीचं सांगत होतो तुला. माझ्या डोक्यात तेच बसल्तं, घट्टा जेवढा जाड तेवढी ताकद. जाड घट्टा कडेनं अडकतो आणि आख्खा उपटून येतो. माझ्या शेजारी एक पन्नाशीचा माणूस होता, तो आदल्या रात्री हॉटेलात गरम पाण्यात हात बुडवून बसल्ता आणि कानशीसारख्या पट्टीनं एक एक घट्टा घासून सपाट करत होता, मग मलम. मला वाटलं म्हातारा माणूस, दुखत असेल. तो तिसरा आला. त्याचे हात बघितले तर आपल्या डॉक्टर ताईंच्या हातासारखे सपाट. विमानातली हवापण कोरडी, त्यात माझा हात अजून कडक झाल्ता, मी साधं खोबरेल तेल लावलं नाही.

बी-303: थांबा, हे बाबांना आत्ता वाचून दाखवलं. ते म्हणाले ते तसंच लिहितो. "आम्ही रोज संध्याकाळी आंघोळीच्या दगडावर बसून वज्रीनं घट्टे घासायचो. नाहीतर पोत्याच्या सुतळीत घट्टा अडकला की हात फाटतो आणि चार दिवस हजेरी बुडते. तू विचारलं नाहीस म्हणून मी बोललो नाही, मला वाटलं तिकडच्या खेळात वेगळं असेल."

सी-104 काकू: वाचून डोळ्यात पाणी आलं.

बी-001 गुरुजी: तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. आमच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1970 ला एडिंबरोला गेले आणि राष्ट्रकुलचं कुस्तीचं सुवर्ण आणलं. तेही गावच्या मातीतूनच गेले होते.

बी-303: सांगितलं गुरुजी, बाबा उठून बसलेत. त्यांना मी मार्क फेलिक्सचा व्हिडिओपण दाखवला, इंग्लंडचा, या रोलिंग थंडरचा जगज्जेता होता. तो कामानं गिलावा करणारा, थापी धरणारा माणूस, आणि 57 व्या वर्षापर्यंत जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसांच्या स्पर्धेत उतरत होता. बाबा म्हणले, गवंड्याचा हात आहे, वाटलंच.

ए-304 वकील साहेब: मग आता पुढं?

बी-303: जखम भरायला डॉक्टर ताईंनी फोटो बघून तीन आठवडे सांगितलेत, तोवर फक्त ग्रिपर आणि डावा हात. पुढच्या वर्षी परत जायचंय. सचिव काका, एक विनंती होती, गच्चीतला कोपरा चालू ठेवा. दोन जाड रबरी मॅट मी स्वतः आणतो, तिसऱ्या मजल्याला आवाज जातो हे मला माहितीय, सी-304 च्या आजींना त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी. रात्री साडेआठनंतर लोखंड खाली ठेवणार नाही.

सचिव ए-101: मॅट टाकल्यावर माझी हरकत नाही. रविवारच्या मीटिंगमध्ये मांडतो, नोंद करून घेऊ.

सी-104 काकू: माझी मुलगी विचारायलीय, मुलींचं असतं का रे हे? आठवीत आहे, कबड्डी खेळते.

बी-303: असतं काकू, तिथं महिलांचा वेगळा गट होता, त्यातली एक जण तर माझ्याइतका पिंच करत होती. शनिवारी सहाला पाठवा गच्चीत. सुरुवात पाण्याच्या बादलीपासून करू, लोखंड नंतर. आणि येताना तुमच्याकडची वज्री पाठवा, आमची झिजलीय.

सी-104 काकू: पाठवते. नवीनच आहे, गंजगोलाईच्या बाजारातून आणलेली.