वाघ आणि कोळसुंदे (रानकुत्रे) : 'हाडवैर' म्हणावं का?

प्रश्न : 'वाघ आणि रानकुत्रे यांचं हाडवैर असतं' असं वाक्य वाचलं. हाडवैर शब्द इथे चालेल का? 'स्पर्धा' म्हटलं की मला शाळेतल्या धावण्याच्या शर्यती आठवतात. शिवाय रानकुत्र्यांचा कळप म्हणायचं की टोळी?

उत्तर : टोळीच म्हणा. कळप हरणांचा, गव्यांचा. शिकार करणाऱ्यांची टोळी.

हाडवैर मात्र मला खटकतं. हाडवैरात डूख धरणं येतं, पिढ्यान्‌पिढ्यांचा राग येतो. इथे भांडण आहे ते पोटाचं. चितळ आणि सांबर दोघांनाही लागतात. तरी ताटं बरीचशी वेगळी आहेत. कर्नाटकातल्या नागरहोळे जंगलात उल्हास कारंथ आणि मेल संक्विस्ट यांनी केलेला अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. वाघाच्या मुख्य भक्ष्याचं सरासरी वजन त्यात 91.5 किलो भरलं, रानकुत्र्यांच्या 43.4 किलो. वेळाही वेगळ्या. रानकुत्रे उजेडी शिकार करतात, पाठलाग करून दमवतात. वाघ बहुतेक संध्याकाळी नि रात्री निघतो, दबा धरतो. एकाच जंगलात राहून दोघं शक्यतो समोरासमोर येत नाहीत. याला मराठीत नेमका शब्दप्रयोग आहे : ते एकमेकांपासून फटकून राहतात. अभ्यासाच्या लेखात 'स्पर्धा' चालेल, बोलताना 'चढाओढ' बरी.

आणखी एक मत : आमच्याकडे कोकणात कोळसून म्हणतात, बाकी ठिकाणी कोळसुंदा, कोळसिंदा. जुनी माणसं सांगतात की कोळसून शेपटी मुतात भिजवून वाघाच्या डोळ्यांत उडवतात, तो आंधळा झाला की फाडतात. वैर शब्द तिथूनच आला असावा. टोळीने वाघ झाडावर चढवल्याचंही ऐकलंय.

उत्तर : कोळसून हे नाव टिकवाच. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन 1831 मध्ये केलं, तेव्हा मराठ्यांचं म्हणून हेच नाव नोंदवलं. मुताची गोष्ट लोकसमजूत आहे, रानकुत्रे तशी शिकार करत नाहीत.

झाडावर चढवल्याचं जे ऐकलंत, त्यात 'वाघ' कोणता ते विचारून घ्या. गावाकडे बिबट्यालाही सर्रास वाघ म्हणतात. टोळी मागे लागली की बिबट्या झाड गाठतो, हे अनेकदा पाहिलं गेलंय. मोठ्या पट्टेरी वाघाची गोष्ट निराळी. पंधरा-वीस किलोचा एकटा रानकुत्रा त्याच्या पंज्यात सापडला तर संपला. टोळी मोठी असेल, जवळ पिल्लं असतील, तर ती वाघाला घेरून हैराण करते आणि कित्येकदा तोच बाजूला होतो. टोळीने वाघ मारल्याच्या हकिकती जुन्या शिकाऱ्यांनी लिहिल्यात, पण रोजच्या जंगलात असं घडत नाही. सगळा हिशेब जखमेचा असतो. वाघाला एक पाय अधू झालेला परवडत नाही, कारण त्याच्यासाठी दुसरं कुणी शिकार करणार नाही. टोळीतही एकेक जनावर मोलाचं, पिल्लांना भरवायला सगळी लागतात. म्हणून 'वाघ टोळीला वचकून असतो' हे वाक्य चालेल, आणि 'एकटा कोळसुंदा वाघाला वचकून असतो' हेही.

मूळ प्रश्नकर्ता : मग माझं वाक्य असं करतो : 'वाघ आणि कोळसुंदे एकमेकांपासून फटकून राहतात, शिकारीवरून गाठ पडलीच, तर टोळी केवढी आहे त्यावर सगळं ठरतं.'

उत्तर : उत्तम. फक्त 'वाघ'च्या आधी 'पट्टेरी' घाला.