उत्तर: दोन्ही शाफ्ट लगेच बदलू नका

स्टिअरिंग पूर्ण वळवलं की 'कट्‌कट्‌' वाजतंय आणि गॅरेजवाल्याने दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकं फिरवणारे दांडे) बदलायला सांगितलेत, असं तुम्ही लिहिलंय. थांबा, आधी नक्की कुठला गेलाय ते बघू.

तपोवनातल्या मोकळ्या मैदानात गाडी न्या. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल फिरवा, मग उजवीकडे. डावीकडे वळताना वाजलं तर बहुतेक वेळा उजव्या चाकाकडचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा सांधा) गेलेला असतो, कारण भार त्या बाजूला येतो. आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट असा वाजत नाही. कसारा घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते, ते बहुधा त्याचं लक्षण.

मग चाकामागे हात घालून जॉइंटवरचा रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरणारं आवरण, चाचपा. माझ्या 2006 च्या गाडीचा बूट घडीतच चिरला होता, रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसची रांगोळी उडालेली. बोटावर घेतलं तर वाळू कचकचली. आवाज सुरू झाल्यावर नुसतं ग्रीस भरून काही होत नाही. आवाज नसेल आणि बूट नुकताच फाटला असेल, तरच साफ करून नवा बूट बसवणं पुरतं.

शाफ्ट बदलताना हबचा, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा, जॅकवर नको, गाडी घसरते. नट नवाच घ्या. शाफ्ट काढला की गिअर ऑइल सांडतं, तेव्हा ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्या आणि ऑइलची पातळी भरायला विसरू नका.