उंदराच्या डीएनएतला जुना व्हायरस आणि बाहेरून आलेला, यांचं रिकॉम्बिनेशन नेमकं होतं कुठे?

पेशीवाली: एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय, सेमिनारला म्युरिन ल्युकेमिया व्हायरस (उंदरांना ल्युकेमिया करणारा रेट्रोव्हायरस) घेतलाय. त्यातलाच मोलोनी व्हायरस नवजात पिल्लाला टोचला की पुढे त्याच्यात टोचलेला व्हायरस तर मिळतोच, पण सोबत एक नवीनच मिळतो ज्याचा एन्व्ह जीन (बाहेरच्या आवरणाचं प्रोटीन बनवणारा) उंदराच्या स्वतःच्या वारशातल्या प्रोव्हायरसचा, म्हणजे क्रोमोसोममध्ये बसलेल्या व्हायरस-डीएनएचा असतो. दोन्ही क्रोमोसोममध्येच बसलेत, मग अदलाबदल तिथेच होते का? आणि जुने प्रोव्हायरस बहुतेक मोडके असतात ना, तरी कसं जमतं?

आरएनए_प्रेमी: क्रोमोसोमवर नाही गं. रेट्रोव्हायरसच्या प्रत्येक कणात आरएनएच्या दोन प्रती असतात हे धरून चल. पेशीत बाहेरचा शिरलाय आणि त्याच वेळी जुना प्रोव्हायरसही आरएनए बनवतोय, तर पॅक होताना एक याची एक त्याची अशी जोडी आत जाऊ शकते. तो कण पुढच्या पेशीत गेला की रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज डीएनए लिहिता लिहिता एका आरएनएवरून दुसऱ्यावर उडी मारतो, झाला मिश्र व्हायरस. जुना मोडका असला तरी चालतं, त्याचा फक्त धड तुकडा उचलला जातो.

थायमस७७: एन्व्हच का बदलतो हे सेमिनारमध्ये नक्की सांग, खरी मजा तिथे आहे. मोलोनी इकोट्रॉपिक, म्हणजे फक्त उंदीरवर्गाच्या पेशींत शिरणारा, तो कॅट-१ रिसेप्टरने आत शिरतो आणि एकदा पेशी इन्फेक्ट झाली की तो रिसेप्टर अडवला जातो. पॉलिट्रॉपिक (उंदराच्या आणि इतर प्राण्यांच्याही पेशींत शिरणारं) एन्व्ह मिळालेला नवीन व्हायरस एक्सपीआर१ या दुसऱ्या रिसेप्टरने जातो, म्हणजे आधीच इन्फेक्ट झालेल्या पेशीतही त्याला वाट मोकळी. १९७७ मध्ये हार्टली, रो वगैरेंनी एकेआर जातीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या थायमस ग्रंथीतून असेच व्हायरस काढले, मिंक या प्राण्याच्या पेशींवर फोकस (बदललेल्या पेशींचे पुंजके) बनवतात म्हणून एमसीएफ म्हणतात त्यांना.

पेशीवाली: पण एकेआरला तर बाहेरून काही टोचत नाहीत ना?

थायमस७७: बरोबर, म्हणून मोलोनी आणि एकेआर एकाच स्लाइडवर कोंबू नकोस. एकेआरमध्ये सुरुवातीचा इकोट्रॉपिकही आईबापांकडूनच आलेला, शिवाय एन्व्ह पॉलिट्रॉपिक प्रोव्हायरसचा आणि एलटीआरचा (टोकाच्या नियंत्रक पट्ट्याचा) भाग झेनोट्रॉपिकचा (उंदराच्या नव्हे, इतर प्राण्यांच्या पेशींत शिरणाऱ्याचा), म्हणजे तीन वारसे एकत्र.

आरएनए_प्रेमी: २०१२ चा नेचरमधला कॅसिओटिसच्या ग्रुपचा पेपरही घे. बी६ या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरांत एकच इकोट्रॉपिक प्रोव्हायरस, इएमव्ही२, आणि तोही बिघडलेला, पण अँटिबॉडी बनवू न शकणाऱ्या उंदरांत रिकॉम्बिनेशनने तो दुरुस्त होऊन पसरणारा व्हायरस उभा राहिला, ल्युकेमियाही झाला. आतड्यातल्या बॅक्टेरियाचाही त्यात हात होता, त्यामुळे इम्युनॉलॉजीवाले सर हमखास त्यावर प्रश्न विचारतील, तयारी करून जा.