प्रतिसाद: अमेरिकन मॅरेथॉन धावपटू शालेन फ्लॅनगनबद्दल थोडी भर
मोठी धावपटू चांगली प्रशिक्षक होईलच असं नाही, असं वर कुणीतरी म्हटलंय, ते मान्य. पण शालेनमधली प्रशिक्षक निवृत्तीच्या आधीच दिसत होती. एकटीने सराव करण्यापेक्षा ती इतर मुलींना सोबत घ्यायची. २०१६ ची लॉस एंजेलिसची ऑलिंपिक निवड मॅरेथॉन बघा. उन्हात शालेन ढेपाळली, तर सरावातली जोडीदार एमी क्रॅग वेग कमी करून तिच्यासोबत राहिली, तिला पाणी दिलं. शेवटी एमी पहिली आली आणि तिसरी आलेली शालेन रेषेपलीकडे तिच्याच मिठीत कोसळली. असं नातं पैशाने जमत नाही हो! पुढच्याच वर्षी शालेनने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, अमेरिकन महिलांमध्ये १९७७ नंतर प्रथमच. २०१९ मध्ये निवृत्त होऊन ती आपल्याच बॉवरमन या धावपटूंच्या क्लबात प्रशिक्षक झाली, आणि २०२१ मध्ये प्रशिक्षक असतानाच बर्लिनपासून न्यूयॉर्कपर्यंत सात आठवड्यांत सहा मॅरेथॉन, प्रत्येक तीन तासांच्या आत!