मुलांच्या वॉर्डात रक्ताची गुठळी टाळायला हेपरिन कधी द्यायचं?

वॉर्डसिस्टर_परळ
मुलगा 13 वर्षांचा, 52 किलो. मांडीच्या हाडात स्टॅफ जिवाणूचा संसर्ग, जांघेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), चार दिवस अंथरुणावर. मोठ्यांच्या वॉर्डात रोज 40 मि.ग्रॅ. इनॉक्सापॅरिन (हेपरिनचाच प्रकार) सुरू झालं असतं. मुलांचं गणित काय? पायाचे पंप (हवेने पोटरी दाबणारे पट्टे) पुरतील का? आणि तान्ह्या बाळाला 3 मि.ग्रॅ. द्यायचं तर मोजायचं कशात?

पीआयसीयू_रात्रपाळी
'झोपून आहे ना, मग द्या सुई' हा मोठ्यांचा हिशोब इथे लावू नका. मुलांमध्ये गुठळीचं सर्वांत मोठं कारण लाइनच. म्हणून रोजच्या राउंडला पहिला प्रश्न, आज ही लाइन हवीच का? मात्र एकच पाय सुजला असेल तर आधी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी). तोवर पंप नाही आणि लाइन ओढून काढायचीही नाही.

या मुलाला वय, स्टॅफ, जांघेतली लाइन आणि बंद हालचाल, चारही धोके आहेत. रक्तस्रावाचा धोका नसेल तर 0.5 मि.ग्रॅ. प्रति किलो दर 12 तासांनी, म्हणजे 26 मि.ग्रॅ.; एका वेळी 30 च्या वर नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला 0.75, कारण त्यांच्या शरीरातून औषध लवकर निघून जातं. हाड साफ करायला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेणार असतील किंवा कमरेतून पाणी काढायचं असेल, तर शेवटचा डोस किमान 12 तास आधी. प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील तर थांबा. पावसाळ्यात डेंग्यूमुळे हे वरचेवर होतं. क्रिएटिनिन वाढलं असेल, म्हणजे किडनी नीट चालत नसेल, तर डोस नव्याने ठरवायचा.

पंप फक्त चांगल्या पायाला, पोटरीचा घेर मोजून. दर पाळीला काढून कातडी बघा. खरी अडचण वेगळीच असते: फिजिओसाठी काढलेला पंप संध्याकाळपर्यंत खाटेच्या दांडीलाच लटकतो. दिवसाचे 18 तास तरी पायावर हवा.

फार्मसी_दादर
मोजण्याबद्दल. औषध 100 मि.ग्रॅ. प्रति मि.ली., म्हणजे 3 मि.ग्रॅ. फक्त 0.03 मि.ली. नारिंगी टोपीच्या यू-100 इन्सुलिन सिरिंजमध्ये 1 युनिट म्हणजे बरोबर 1 मि.ग्रॅ. लाल टोपीच्या यू-40 मध्ये मात्र 1 युनिट म्हणजे 2.5 मि.ग्रॅ.; तिथे '3 युनिट' भरलं की बाळाला 7.5 गेलं. आपल्याकडे दोन्ही सिरिंजा एकाच ड्रॉवरमध्ये सापडतात, म्हणून चार्टवर युनिट लिहूच नका, मि.ग्रॅ. आणि मि.ली. लिहा. दुसरा मार्ग: 20 मि.ग्रॅ. (0.2 मि.ली.) मध्ये 0.8 मि.ली. सलाइन. मग 3 मि.ग्रॅ. म्हणजे 0.15 मि.ली., साध्या 1 मि.ली. सिरिंजमध्ये दिसेल इतकं. उरलेलं फेका.

तान्ह्या बाळांत आणि किडनीच्या मुलांत अँटी-टेन-ए (औषधाचा रक्तातला परिणाम मोजणारी चाचणी) तपासा: दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर 4 ते 6 तासांनी, लक्ष्य 0.1 ते 0.3. रक्त हेपरिन घातलेल्या लाइनमधून घेऊ नका, निळ्या टोपीची नळी खुणेपर्यंत भरा. लॅब दूर असेल तर प्लाझ्मा इथेच वेगळा करा, ट्रॅफिकमध्ये नमुना बसून राहतो.

वॉर्डसिस्टर_परळ
ड्रॉवर बघितला. सगळ्या लाल टोपीच्या. आजच नारिंगी मागवते.